ताईंना विचारा: दुरुस्ती आली आणि बिल अडलं

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रा, उतरला, होम मैदानावरचे पाळणे सुटले आणि माझ्या टेबलावर पत्रांचा ढीग लागला. दर जानेवारीत हेच होतं. यात्रेआधी दुकानदार म्हणतात, "आत्ता कशाला हात लावू नका," आणि यात्रा संपली की सगळे एकाच आठवड्यात मशिनी अपडेट करत सुटतात. या खेपेला बहुतेक पत्रं नोडची आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते: जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅम लिहायची भाषा मुळात ब्राउझरच्या आत चालायची. २००९ साली रायन डाल या माणसाने क्रोम ब्राउझरमधलं ती भाषा चालवणारं व्ही-८ इंजिन घेऊन ती ब्राउझरबाहेर चालवून दाखवली. ते नोड. आपल्याकडे चादरींच्या पेढ्यांपासून शेंगाचटणीच्या दुकानांपर्यंत कितीतरी बिलं त्यावर निघतात, मालकाला त्याचं नावही माहीत नसतं.

ताई, मी नवी पेठेतल्या एका टॉवेलच्या पेढीचं बिलिंग बघतो. मशीनवर नोड १८ चं जुनं काहीतरी होतं. मुदत संपली म्हणून २२ टाकलं. आता 'छापा' दाबलं की 'स्पॉन ईइनव्हॅल' एवढंच येतंय आणि प्रिंटर गप. मालक म्हणतात, चालत होतं ते मोडायला तुला कुणी सांगितलं? माझं काय चुकलं?
*पेढीवरचा पोरगा, नवी पेठ*

तुझं काही चुकलं नाही. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याला मी नावं ठेवली असती, पण तसाच प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलेला आहे, त्यामुळे तोंड बंद.

तुझ्याकडे बिल छापायला नोडमधून एखादी बॅट फाइल, म्हणजे विंडोजला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल, चालवली जात असणार. गिऱ्हाइकाचं नाव, मालाचा साइज, रक्कम हे सगळं तिला मागे जोडून दिलेलं असणार. आता गंमत अशी की विंडोजवर बॅट फाइल स्वतःच्या पायांवर चालत नाही. तिला चालवायला मध्ये सीएमडी लागतो, तीच ती काळी खिडकी. आपण सांगितलं नाही तरी त्याला मध्ये घेतलं जायचं. सीएमडीची मजकूर वाचायची रीत बाकीच्या प्रोग्रॅमांहून निराळी आहे. दुहेरी अवतरणचिन्ह त्याला वेगळंच कळतं आणि 'अँड'ची ती वळणदार खूण दिसली की तो समजतो, एक आज्ञा संपली, आता पुढची.

आता तुझ्या पेढीवरचं एक बिल डोळ्यांपुढे आण. गिऱ्हाईक 'अमुक अँड सन्स', खूण घालून लिहिलेलं. माल टॉवेल, साइज तीस बाय साठ, आणि इंचासाठी आकड्यावर काय मारतो आपण? दुहेरी अवतरणचिन्ह! टॉवेलच्या गावात तर प्रत्येक बिलात ते असणार. कुणी खोडसाळपणे गिऱ्हाइकाच्या नावात त्या खुणेपुढे फाइली पुसायची आज्ञा लिहिली, तर सीएमडी तीही इमानदारीत चालवेल. याला जाणकारांनी 'बॅटबॅडबट' असं नाव ठेवलं. दोष एकट्या नोडचा नव्हता, रस्ट भाषेनेही त्याच आठवड्यात दुरुस्ती काढली. नोडची आली १० एप्रिल २०२४ ला, १८.२०.२, २०.१२.२ आणि २१.७.३ या आवृत्त्यांत. दुरुस्ती म्हणजे काय, तर 'शेल' हा सीएमडीला मध्ये घेणारा पर्याय तू स्वतः चालू केल्याशिवाय नोड बॅट किंवा सीएमडी फाइल सुरूच करत नाही, सरळ 'ईइनव्हॅल', म्हणजे 'दिलेलं चालणार नाही', म्हणतो. तुझं १८ त्या तारखेच्या आधीचं होतं म्हणून इतके दिवस तुला याचा पत्ता नव्हता.

आता तुला जो कोणी भेटेल तो सांगेल, "शेल ट्रू कर, चालतंय." चालतं, खरंच चालतं. मीही तेच केलं होतं. त्या उन्हाळ्यात एमआयडीसीतल्या एका गिऱ्हाइकाकडे हाच संदेश आला. बाहेर बेचाळीस अंश, आत कूलर बंद, मी 'शेल ट्रू' टाकलं, एक बिल काढून दाखवलं, ताक पिऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी फोन. बिलावर पार्टीचं अर्धंच नाव आलंय आणि काळ्या खिडकीत लिहून आलंय की 'सन्स' नावाची आज्ञा ओळखता येत नाही! मालकांनी मला विचारलं, "ताई, सन्सनी काय बिघडवलं हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेल चालू केल्यावर नोड तुझे सगळे तुकडे नुसते एकापुढे एक जोडून सीएमडीच्या हातात देतो, कशालाही कुंपण घालत नाही. म्हणजे ज्या दारातून चोर येतो म्हणून नोडने कुलूप लावलं, ते दार आपणच उघडून आत पाट मांडून ठेवायचं. नोड २४ पासून असं केलं की तो इशारा छापतो.

तुझ्यासाठी रस्ता हा. प्रिंटर नेटवर्कचा असेल तर बॅट फाइल काढूनच टाक. असे बहुतेक प्रिंटर ९१०० या पोर्टवर ऐकत बसलेले असतात. नोडच्या 'नेट' मॉड्यूलने सॉकेट, म्हणजे प्रिंटरशी थेट जोडणी, उघडायचं, बिलाचे बाइट्स लिहायचे, बंद करायचं. दहा ओळींचं काम. प्रिंटर यूएसबीचा असेल आणि बॅट फाइल काढता येत नसेल तर बिल आधी एका फाइलीत लिही आणि बॅटला फक्त बिलाचा नंबर दे. नंबर म्हणजे नुसते आकडे, ते आकडेच आहेत हे आधी तपासून. मग शेल चालू केलंस तरी सीएमडीच्या तोंडी खायला काही पडत नाही.

मालकांना 'बॅटबॅडबट' सांगायला जाऊ नकोस. त्यांना म्हण, इंचाच्या खुणेमुळे बिल अडत होतं. ते त्यांना लगेच पटेल.

माझं वय ७१. आमचे माग चाळीस वर्षं चालले. हा सॉफ्टवेअरवाला दर दोन-तीन महिन्यांनी येतो, 'अपडेट' म्हणतो आणि पैसे मागतो. एकदा नीट बनवलं की झालं, असं का नाही?
*एक जुने कारखानदार, अशोक चौक*

काका, माझ्या सासरीही चार माग होते, म्हणून विचारते: चाळीस वर्षांत पिकर किती वेळा बदललेत? धोटा? पट्टा? माग तोच राहिला हे खरं, पण तो 'तसाच' राहिला नाही.

तरी तुमची तक्रार निम्मी बरोबर आहे. नोडचा आजवरचा रिवाज ठरलेला आहे. एप्रिलच्या सुमारास सम आकड्याची आवृत्ती येते, ऑक्टोबरात विषम. विषम सहा-आठ महिन्यांत विझते. समला ऑक्टोबरनंतर लांब मुदतीचा आधार मिळतो आणि तो अडीच वर्षं चालतो. १८ ची मुदत ३० एप्रिल २०२५ ला संपली. २० ची एप्रिल २०२६ पर्यंतच, २२ ची एप्रिल २०२७ पर्यंत, २४ ची एप्रिल २०२८ पर्यंत. म्हणजे मोठा बदल दोन वर्षांतून एकदा पुरे. मधल्या छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या दहा मिनिटांचं काम आहे, आणि नोडला पैसे पडत नाहीत. तो पैसे मागतो ते त्याच्या येण्याचे. ते द्यावेत की नाही, हा तुमचा आणि त्याचा प्रश्न. मात्र पुढच्या वेळी आला की एकच विचारा, "आमच्याकडे कितवं नोड आहे?" विषम आकडा सांगितला तर त्याला माझ्याकडे पाठवून द्या.

आमच्या मेडिकलच्या बिलावर वेळ नीट यायची. कंपनीच्या माणसाने मशीनवर नोड १२ काढून १८ टाकलं तेव्हापासून वेळ आणि पीएम यांच्या मध्ये तीन विचित्र चिन्हं येतात: एक उलटा एल, एक शेपटीवाला सी आणि दोन बाण. शिवाय माल परत घेतला की रकमेच्या जागी 'नॅन' छापून येतं. पेशंट विचारतात, नॅन हे कुठलं औषध? त्यांना लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचा डबा वाटतो.
*मेडिकलवाले, सात रस्ता*

उलटा एल, शेपटीचा सी, दोन बाण! हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. अशी खूण पत्रात लिहून पाठवणारा वाचक मिळाला की या सदराचं सार्थक होतं. नाहीतर लोक लिहितात, "काहीतरी कचरा येतोय."

तुमचा उलटा एल म्हणजे ग्रीक गॅमा. हे तीन मिळून एकच अक्षर आहे, आणि ते अक्षर म्हणजे रिकामी जागा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वेळ छापायला अमेरिकी इंग्रजीची पद्धत निवडली असणार. जगभरच्या भाषांचे असे नियम, म्हणजे तारीख कशी लिहायची, स्वल्पविराम कुठे द्यायचा, ते सगळे युनिकोडवाले, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिप्यांची अक्षरं ठरवणारे, एका कोठारात ठेवतात आणि नोड ते आयसीयू नावाच्या लायब्ररीतून घेतो. आयसीयूच्या ७२ व्या आवृत्तीत इंग्रजीच्या वेळेत आकडा आणि पीएम यांच्या मधली साधी मोकळी जागा काढून तिथे अरुंद, न तुटणारी मोकळी जागा घातली. हेतू चांगला, ओळ तुटताना 'पीएम' एकटं खाली पडू नये. नोड १८.१३ मध्ये, जानेवारी २०२३ ला, ती आली. पडद्यावर डोळ्यांना फरक दिसत नाही. पण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या हल्लीच्या पद्धतीत त्या अरुंद जागेचे तीन बाइट होतात, आणि तुमचा थर्मल प्रिंटर जुन्या डॉसच्या अक्षरतक्त्याने एकेक बाइट वाचतो. त्या तक्त्यात हे तीन बाइट म्हणजे गॅमा, शेपटीचा सी आणि दुहेरी बाण. मी नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो शिकवत होते तेव्हाचा तक्ता तो. जुना मित्र रस्त्यात भेटावा तसं झालं.

तुमच्या एकट्याचं नाही, तेव्हा जगभरातल्या प्रोग्रॅमांच्या चाचण्या धडाधड पडल्या. ज्यांनी ती वेळ मजकूर म्हणून साठवून परत तोडून वाचली ते सगळे अडकले.

आता 'नॅन'. हा दुसरा आजार वाटतो, पण आला त्याच कोठारातून. तुमच्या रकमा 'मराठी-भारत' या पद्धतीने छापल्या जात असाव्यात. नोडच्या मूळ बांधणीत १२ पर्यंत फक्त इंग्रजीचा डेटा असायचा. मराठी मागितलं तरी तो गुपचूप इंग्रजी आकडे द्यायचा. १३ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१९ पासून, सगळ्या भाषांचा डेटा आत आला. हे खरं तर आपल्यासाठी चांगलं झालं: १२,३४,५६७ असे देवनागरी आकडे, लाख-कोटींचे स्वल्पविराम, सगळं आपोआप. पण तुमचा प्रोग्रॅम परतीच्या वेळी बिलावरची छापील रक्कम उचलतो, स्वल्पविराम काढतो आणि तिची परत संख्या करायला जातो. जावास्क्रिप्टला देवनागरी '१२३४' ही संख्या वाटत नाही. ती म्हणते 'नॉट अ नंबर', म्हणजे नॅन. म्हणजे मराठी येत नव्हतं तोवर तुमचं बिल बरोबर होतं, आणि मराठी यायला लागल्यावर चुकलं! यावर मी दोन दिवस हसतेय, तुमचं दुकान आहे म्हणून माफ करा.

दोन्हींवर इलाज एकच. माणसाला दाखवायचा मजकूर आणि यंत्राने वापरायची किंमत या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवायच्या. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्ण संख्या म्हणून साठवा. छापताना काय नटवायचं ते नटवा. छापलेलं परत वाचू नका. वेळ प्रिंटरला पाठवताना तास आणि मिनिटं स्वतः जोडा, भाषेच्या नियमांवर सोडू नका. आणि कंपनीच्या त्या माणसाला माझा निरोप द्या: १२ वरून निघालाच होतात तर १८ वर कशाला थांबलात? त्याचीही मुदत संपली. २४ टाका.

विंडोज ७ च्या ३२ बिटच्या मशीनवर कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. नवीन नोड बसेल का?
*एक उद्योजिका, जुळे सोलापूर*

नाही. विंडोज ७ वर शेवटचं चालणारं नोड १३.१४, १४ पासून किमान ८.१ लागतं. आणि २३ पासून ३२ बिट विंडोजसाठी नोड येणंच बंद झालं. आहे त्या मशीनचं इंटरनेट काढून ठेवा आणि जुनं चालू द्या, नाहीतर जुनं पण ६४ बिटचं मशीन घ्या. ऑर्डरींची वही मात्र चालू ठेवा.

ताई, आमच्या सॉफ्टवेअरमधून बाहेरच्या सर्व्हरला बिलं पाठवतो. नोड २० टाकल्यापासून मधूनच 'ईटाइमडआउट' येतं. तेही लगेच, अर्ध्या सेकंदात! आधी एवढी घाई नव्हती. नेटवाल्याला विचारलं तर म्हणतो, लाइन ओके.
*अकाउंटंट, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी*

अर्ध्या सेकंदात लिहिलंत ते बरं केलंत, त्यावरूनच कळलं.

प्रत्येक सर्व्हरचे हल्ली दोन पत्ते असू शकतात, जुन्या पद्धतीचा आयपीव्ही-४ आणि नवा आयपीव्ही-६. नोड आधी नेहमी जुना पत्ता पुढे ठेवायचा. १७ मध्ये, २०२१ च्या ऑक्टोबरात, ठरलं की पत्ते ज्या क्रमाने मिळतील त्याच क्रमाने वापरायचे. त्यामुळे ज्यांच्याकडे व्ही-६ नुसता नावाला होता त्यांची जोडणी अडायला लागली. त्यावर उतारा म्हणून २० मध्ये, २०२३ च्या एप्रिलात, नवी सोय आपोआप चालू केली: पहिल्या पत्त्यावर ठोठवा, २५० मिलिसेकंदांत कुणी 'ओ' दिली नाही की दुसऱ्या पत्त्यावर जा. दुरुस्तीची दुरुस्ती.

पुण्या-मुंबईच्या चांगल्या लाइनवर पाव सेकंद म्हणजे चैन. एमआयडीसीत दुपारी लोड असताना तुमच्या लाइनला तेवढा वेळ नुसतं दार सापडायला लागतो. मग नोड पहिलं दार सोडून दुसऱ्याकडे पळतो. दुसरं व्ही-६ चं, आणि तुमच्याकडे ते दार नाहीच, भिंत आहे. दोन्हीकडून हात हलवत येतो आणि तुम्हाला सांगतो, वेळ संपला. नेटवाला खोटं बोलत नाही, लाइन ओकेच आहे, फक्त मंद आहे.

हा पाव सेकंद वाढवता येतो. नोड सुरू करताना 'नेटवर्क फॅमिली ऑटोसिलेक्शन अटेम्प्ट टाइमआउट' असा लांबलचक पर्याय द्यायचा, शब्दांच्या मध्ये आडव्या रेघा. तो २०.१३ आणि २२.१ पासून आहे. मी आपल्याकडे २००० मिलिसेकंद ठेवते. तेवढ्याने भागलं नाही तर मला लिहा, पण लाइनचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, किती येतो ते आकड्यात लिहा, 'स्लो आहे' असं नको.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्र म्हणतात नोड म्हातारं झालं, बन शीक. कुणी म्हणतं डेनो. काय करू?
*विद्यार्थी, विजापूर रस्ता*

बन म्हटलं की मला अजून चहात बुडवायचा बनच आठवतो, पण असो.

बन आणि डेनो, दोन्ही नोडचंच काम करणारी. डेनो कुणी काढलं? नोडवाल्या रायन डालनेच. २०१८ मध्ये बर्लिनच्या व्यासपीठावर त्याने नोडमधल्या आपल्या दहा चुका मोजून दाखवल्या आणि तिथेच डेनोची ओळख करून दिली. स्वतःच्या चुका अशा यादी करून सांगणारा माणूस मला आवडतो. डेनोत प्रोग्रॅमला फाइली वाचायच्या असोत की नेटवर जायचं असो, आधी परवानगी लागते. पण सुरुवातीला त्याने एनपीएमच्या पॅकेजांशी, म्हणजे नोडवाल्यांच्या कोठारातल्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडशी, अंतर ठेवलं आणि लोक येईनात. २०२४ च्या ऑक्टोबरातल्या २.० ने ते अंतर बरंचसं मिटवलं. बन १.० आलं ८ सप्टेंबर २०२३ ला. झिग भाषेत लिहिलेलं, आत व्ही-८ नाही, सफारी ब्राउझरचं जावास्क्रिप्टकोअर हे इंजिन. चपळ आहे, पॅकेज उतरवून घ्यायला तर फारच. विंडोजवर नीट यायला त्याला १.१, म्हणजे एप्रिल २०२४ उजाडावं लागलं.

आणि म्हातारं नोड? त्याने या दोघांकडे बघून कंबर बांधली. चाचण्या चालवायची सोय १८ मध्ये आत आली आणि २० मध्ये पक्की झाली. फाइल बदलली की आपोआप परत सुरू होणं, सेटिंगच्या 'एन्व्ह' फाइली वाचणं, एस्क्यूलाइट हा छोटा डेटाबेस, हे सगळं आता आतच आहे. २२.१८ पासून टाइपस्क्रिप्टची, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे मजकूर हे सांगणारे 'टाइप' जोडलेल्या जावास्क्रिप्टची, फाइल सरळ चालते. तो टाइप नुसते पुसतो आणि पुसल्या जागी तेवढ्याच मोकळ्या जागा ठेवतो, म्हणून चूक आली तर ओळीचा नंबर तुझ्या फाइलीशी जुळतो. टाइप बरोबर आहेत की नाही हे मात्र तो तपासत नाही, आणि 'इनम', म्हणजे टाइपस्क्रिप्टमधली ठरावीक नावांची यादी, लिहिलंस तर अडतो. पोरं इथे फसतात: फाइल चालली म्हणजे टाइप बरोबर, असं समजतात.

माझ्यासारखीला हे सगळं नोडच्या आतच असण्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. ८ सप्टेंबर २०२५ ला एका पॅकेजवाल्याला खोट्या मेलने फसवून चॉक, डीबग अशा १८ पॅकेजांत लबाडीचा कोड घुसवला गेला. माझ्या एका छोट्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये त्या दिवशी डीबग होतं, मी ते मागवलेलंही नव्हतं, कुणाच्या तरी पाठीवर बसून आलेलं. माझी आवृत्ती जुनी म्हणून वाचले. त्या रात्री नोडच्या आत जे मिळतं त्यासाठीची बाहेरची पॅकेजं एकेक करून काढली. सात निघाली.

तू नोड शीक, २४ घे. बनवर एखादा छोटा प्रोजेक्ट कर, मजा येईल. पण आधी एक प्रोग्रॅम कुठलंही पॅकेज न घेता लिहून बघ. हुरडा पार्टीला किती माणसं, किती पैसे, एवढाच हिशोब केलास तरी चालेल.

ताई, ऐन यात्रेत, १३ जानेवारीला नोडच्या सुरक्षा-दुरुस्त्या आल्या. आमचं दुकान रात्री बारापर्यंत चालू. मी अपडेट केलं नाही. चुकलो का?
*खेळणीवाले, टिळक चौक*

नाही चुकलात. नंदीध्वज दारावरून जात असताना मीही कुणाच्या मशीनला हात लावत नाही. पण आता यात्रा संपली, आता केलं पाहिजे. त्या दिवशी, १३ जानेवारी २०२६ ला, २०.२०.०, २२.२२.०, २४.१३.० आणि २५.३.० अशा चार आल्या. त्यांत दुरुस्त झालेल्या एका दोषात एचटीटीपी-२ या वेबच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीवर मुद्दाम मोडका मजकूर पाठवून सर्व्हर पाडता येत होता. तुमचा प्रोग्रॅम दुकानातल्या दुकानात चालत असेल तर एवढी घाई नव्हती. मोबाइलवरून घरबसल्या हिशोब बघत असाल, म्हणजे तो बाहेरून दिसत असेल, तर हे वाचून झाल्या झाल्या करा. आधी डेटाची कॉपी पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह मशीनमधून काढून खिशात.

मागच्या अंकातली चूक

मागच्या अंकात मी एका वाचकाला ठामपणे लिहिलं होतं की दुसऱ्या फाइलीतला कोड आणणाऱ्या नोडच्या जुन्या 'रिक्वायर'ने नव्या पद्धतीचं मॉड्यूल, म्हणजे कोडची वेगळी फाइल, आणता येत नाही, सगळा प्रोग्रॅम नव्या पद्धतीने लिहावा लागेल. पंढरपूरच्या एका वाचकाने पोस्टकार्डावर चार ओळींत माझा कान धरला. २२.१२ पासून, म्हणजे डिसेंबर २०२४ पासून, ते कुठलाही जादा पर्याय न देता चालतं; २०.१९ मध्येही ती सोय मागाहून आली. फक्त त्या मॉड्यूलमध्ये सगळ्यांत वरच्या पातळीवर 'अवेट', म्हणजे काम पुरं होईपर्यंत थांबायची आज्ञा, असेल तर चालत नाही, चूक देतो. मी घरी बसून करून बघितलं. मधेच नळाला पाणी आलं म्हणून उठावं लागलं, पण परत येऊन पुरं केलं, आणि चाललं. ज्या वाचकाने माझं ऐकून प्रोग्रॅम परत लिहायला घेतला असेल त्याने जिथे असेल तिथे थांबावं आणि मला कळवावं. जेवढं लिहून झालंय ते जुन्याशी जोडून द्यायला मी स्वतः बसेन, पैसे न घेता.